चाकरी सुटली म्हणजे पोटगीचें देणें सुटतें काय?

आपल्या गांवांतील एखादें जोडपें विभक्त होतें. मूल आईजवळ राहतें. कोर्ट किंवा गांवचे पंच बापास सांगतात कीं, मुलाच्या अन्नवस्त्रासाठीं दरमहा अमुक रुपये देत जा. बाप तें कबूल करितो आणि कांहीं काळ देतोही. मग एके दिवशीं त्याची चाकरी सुटते. त्या दिवसापासून त्याचें मुलाविषयींचें देणें बंद होतें, कमी होतें, कीं जसेंच्या तसें राहतें? शहापूर व मुरबाड तालुक्यांतील उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस हा प्रश्न आज ना उद्यां सोडवावा लागतो. याचें उत्तर देण्याची घाई दोन प्रकारचीं माणसें करितात. एक म्हणतात, "जवळ नाहीं तर तो कोठून देईल?" दुसरीं म्हणतात, "मूल जन्मास घातलें तर कसेंही करून पोसावें. त्यांत विचारावयाचें काय?" दोन्ही उत्तरें आम्हांस अपुरीं वाटतात. सबब या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करूं.

आपल्या वडिलांच्या काळीं हा प्रश्न या रूपानें उठत नव्हता. त्या वेळीं बहुतेकांचें पोट भातशेतीवर, गवतकापणीवर व वीटभट्टीवर होतें. शेत कधीं पिकतें, कधीं पिकत नाहीं. परंतु शेत कोणास काढून टाकीत नाहीं. आतां मुरबाडची औद्योगिक वसाहत आहे. कसारा, खर्डी, आसनगांव व वासिंद येथून पहांटेच्या गाडीनें कल्याण-ठाण्याकडे कामास जाणारीं माणसें आहेत. ठेकेदाराच्या हाताखालीं महिन्याच्या मुदतीवर राबणारे तरुण आहेत. असें काम एका दिवसांत जातें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते, आणि त्यांतील पुष्कळांस गिरणीचें दार पुन्हां उघडलेंच नाहीं. कसारा मार्गावरील आंबिवलीजवळ मोहने येथील नॅशनल रेयॉनचा मोठा कारखाना २००९ सालीं बंद पडला. २५ मार्च २०२० रोजीं साथीमुळें सर्व देशाचे व्यवहार थांबले, तेव्हां मुंबईहून नाशिककडे पायीं जाणाऱ्या मजुरांच्या रांगा शहापूर तालुक्यांतील लोकांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिल्या. हे सर्व लोक आळशी होते काय? मुळींच नाहीं. चाकरी जाणें हा पुष्कळदां माणसाचा दोष नसतो, ही गोष्ट आम्ही आरंभींच मान्य करितों. कारण ती मान्य केल्यावांचून पुढील विचार न्यायाचा होणार नाहीं.

आतां एक घर मनांत आणूं. मुरबाडकडील एक तरुण ठेकेदाराकडे कामास असून त्यास महिना तेरा हजार रुपये मिळतात. त्याची बायको वेगळी होऊन सहा वर्षांच्या मुलीसह खर्डीकडे माहेरीं राहते. मुलीसाठीं त्यानें दरमहा तीन हजार रुपये द्यावे असा हुकूम झाला आहे. ऐन आषाढांत ठेका संपतो. पहिल्या महिन्यास तो उसने काढून पैसे देतो. दुसऱ्या महिन्यास अर्धे देतो. तिसऱ्या महिन्यास कांहींच देत नाहीं, आणि बायकोचा भाऊ फोन करितो तेव्हां फोन बंद असतो. या माणसास आम्हीं नांव दिलें नाहीं. वाचकांच्या ओळखींत असा कोणी ना कोणी सांपडेल.

प्रथम त्याची बाजू ऐकून घेऊं. तो तीन गोष्टी सांगतो. पहिली ही कीं, जें हातांत नाहीं तें देण्याचें कर्तव्य असूं शकत नाहीं. जें अशक्य तें धर्म म्हणून कोणावर लादतां येत नाहीं. दुसरी ही कीं, आम्ही एकत्र राहत असतों तर माझी चाकरी गेल्यावर सर्व घरानेंच पोटास चिमटा घेतला असता. मुलीनेंही घेतला असता. मग आम्ही विभक्त झालों एवढ्यावरून तिचें ताट भरलेलें आणि माझेंच रिकामें, हा कोणता न्याय? तिसरी ही कीं, मला मुलीस भेटूं देत नाहींत. मग पैसे मात्र मीच कां द्यावे? या तिन्ही गोष्टींत कांहीं सत्य आहे. त्या हसण्यावारी नेण्याजोग्या नाहींत.

पहिल्या गोष्टीचें उत्तर असें. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत दिवस कलेपर्यंत बाजारांत रिकामे उभे असलेल्या मजुरांची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. त्यांस कोणीं कामावर लावलें नव्हतें. त्यांचें तें कारण ऐकून घेऊन धन्यानें त्यांस मळ्यांत पाठविलें. काम न मिळाल्याबद्दल त्यांस दोष दिला नाहीं. परंतु हेंही लक्षांत ठेवावें कीं, ते मजूर शेवटच्या घटकेपर्यंत बाजारांतच उभे होते. ते घरीं जाऊन निजले नव्हते. 'मला काम मिळालें नाहीं' असें म्हणण्याचा हक्क बाजारांत उभा राहणाऱ्यास असतो. आपलें पूर्वींचें काम यंत्रावरचें होतें, म्हणून आवणीच्या मजुरीस किंवा कल्याणच्या नाक्यावर उभें राहण्यास जो लाजतो, त्यानें हा हक्क अद्याप मिळविलेला नाहीं.

शिवाय, देणें आणि देण्याची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्यास हें समजावयास कठीण नाहीं. अवकाळी पावसानें खळ्यावरचें भात कुजलें म्हणजे तो तलाठ्याकडे जातो, पंचनामा करवितो आणि सूट किंवा मदत मागतो. सूट मागणारा शेतकरी 'मी आतां शेतकरी राहिलों नाहीं' असें म्हणत नाहीं. आणि पंचनामा न करितां, कोणास न सांगतां, 'पीक बुडालें, सबब माझ्याकडे कांहीं येणें नाहीं' असें घरीं बसून ठरवीतही नाहीं. बापाचें तसेंच आहे. चाकरी गेली तर रकमेंत सूट मागण्यास त्याला जागा आहे. ती मागावी, कारण दाखवावें, आणि जी ठरेल ती मान्य करावी. मात्र ज्याच्याकडून येणें आहे त्यानेंच एकट्यानें आपल्या मनांत आपली सूट मंजूर करून घ्यावी, हें कोणत्याच व्यवहारांत चालत नाहीं. मग मुलाच्या बाबतींत कसें चालावें?

दुसऱ्या गोष्टीचें उत्तर अधिक विचार करण्याजोगें आहे, कारण तीच त्याची सर्वांत बळकट बाजू आहे. एका घरांत तुटवडा आला तर मुलासही तो सोसावा लागतो, हें खरें. परंतु तो कोणत्या क्रमानें सोसावा लागतो, हें पाहावें. श्रावणांत कणगी तळास जाते तेव्हां आपल्या घरांत काय होतें? आधीं सणाचा खर्च जातो. मग बापाची तंबाखू व चहा जातो. मग मोठीं माणसें भाताऐवजीं नाचणीच्या आंबिलावर भागवितात. आई सर्वांच्या मागून जेवते, आणि उरलें नाहीं तर जेवत नाहीं. मुलाच्या ताटापर्यंत तुटवडा पोंचतो तो सर्वांच्या शेवटीं. आणि कणगीच्या कोपऱ्यांत पुढल्या सालच्या राबांत पेरावयाचें जें बियाणें बांधून ठेविलेलें असतें, त्यास तर घरांत उपास पडला तरी हात लावीत नाहींत. हा क्रम कोणत्याही पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. तो आपल्या घरांचा जुना कायदा आहे.

तेव्हां त्या बापानें आपलेंच बोलणें खरें करावें. एकत्र असतों तर मुलीनेंही सोसलें असतें, असें तो म्हणतो. ठीक आहे, मग एकत्र असतां ज्या क्रमानें सोसलें असतें त्याच क्रमानें आतां सोसावें. त्याच्या मोटारसायकलीचा हप्ता चालू आहे काय? मित्रांबरोबरचा खर्च चालू आहे काय? गांवच्या जत्रेची, भावाच्या लग्नाची वर्गणी त्यानें दिली काय? दिली असेल आणि मुलीचे पैसे थांबविले असतील, तर त्यानें तुटवडा मुलीच्या ताटापासून सुरू केला. मुलगी डोळ्यांसमोर बसली असती तर हें त्याच्यानें झालें नसतें. ती खर्डीकडे आहे, तिचें ताट दिसत नाहीं, म्हणूनच तें सर्वांत आधीं रिकामें झालें.

शहापूर तालुक्यांतील लोकांस याचा दुसरा दाखला द्यावयास नको. भातसा आणि तानसा यांचें पाणी त्यांच्याच तालुक्यांतून मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यांत हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. पाणी तालुक्यांत आहे. परंतु ज्यानें मागणी मोठ्या आवाजानें केली त्याच्याकडे तें आधीं जातें. माणसाच्या थोड्याशा मिळकतीचेंही असेंच होतें. सावकार दारांत येतो, बँकेचा माणूस फोन करितो, दुकानदार चारचौघांत बोलतो. म्हणून त्यांचें देणें आधीं फिटतें. सहा वर्षांचें मूल कोणाच्या दारांत येऊन बसत नाहीं. ज्याला मागतां येत नाहीं त्याचें देणें आधीं द्यावें, एवढी एक गोष्ट जरी बापानें धरली तरी या प्रश्नाचा मोठा भाग सुटेल असें आम्हांस वाटतें.

आतां आम्ही अशा गोष्टीकडे येतों कीं जी आमच्या मतें रकमेहूनही महत्त्वाची आहे. ती म्हणजे तो बंद पडलेला फोन. चाकरी गेली हा दोष नव्हे; ती गेली हें लपविणें हा दोष होय. असा माणूस बहुधा दुष्टपणानें लपत नाहीं, लाजेनें लपतो. कमावता म्हणून मिरविलेल्या माणसास रिकाम्या हातानें सासुरवाडीच्या माणसांशीं बोलणें मरणाहून कठीण वाटतें, हें आम्ही जाणतों. परंतु त्याच्या लाजेची किंमत कोण भरतें तें पाहा. त्यानें पहिल्याच आठवड्यांत सांगितलें असतें, तर मुलीच्या आईनें शाळेंत मुदत मागितली असती, भावाकडून तांदूळ घेतला असता, गवतकापणीचीं चार दिवस अधिक कामें धरलीं असतीं. तिनें पैसे येतील म्हणून वाट पाहिली, उधारी केली, आणि मग ती उधारीही बुडाली. दारिद्र्याशीं झगडणाऱ्या घरास खरी बातमी वेळेवर मिळणें हें अर्ध्या पैशाइतकें उपयोगी असतें. ज्याच्याजवळ तीन हजार रुपये नाहींत त्याच्याजवळही सत्य असतें, आणि तें तरी त्यानें त्याच दिवशीं द्यावें.

येथें आम्ही दुसऱ्या बाजूचा एक प्रश्न विचारतों, जो आपल्या गांवांत कोणी विचारीत नाहीं. वीटभट्टी पावसाळ्यांत बंद होते तेव्हां तेथें राबणाऱ्या आईचीही मजुरी बुडते. गवताचा हंगाम संपतो तेव्हां तिचीही कमाई थांबते. 'हिची मजुरी गेली, तर मुलास सांभाळण्याचें हिचें कर्तव्य उरलें काय?' असा प्रश्न कोणत्याही पंचायतींत आजवर कोणीं काढल्याचें आम्हांस माहीत नाहीं. तिनें रात्रीं तापलेल्या मुलाजवळ बसावें, पहांटे पाणी आणावें, सकाळीं कोठून तरी पेज करून घालावी, हें सर्व गृहीत धरलेलें असतें. तिचें देणें रोजचें आहे, तें रुपयांत मोजलें जात नाहीं, आणि त्याला कोणतीही सूट नाहीं. आईचें कर्तव्य मजुरीबरोबर संपत नाहीं हें जर आपणां सर्वांस इतकें उघड वाटतें, तर बापाचें कर्तव्य पगाराबरोबर कां संपावें? मूल दोघांचें आहे. हा प्रश्न नुसता उलटून विचारला कीं पुष्कळ वाद आपोआप शांत होतात.

आतां कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत सांगूं. कारण खेड्यांत त्याविषयीं भीतीही फार आहे आणि गैरसमजही फार. अशा पोटगीचा नियम आपल्या देशांत जुना आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तो होता. त्या वेळीं पोटगीची मर्यादा दरमहा पन्नास रुपयांची होती. ती १९२३ सालीं शंभर व १९५५ सालीं पांचशें झाली, आणि २००१ सालीं मर्यादाच काढून टाकण्यांत आली. १९७३ च्या संहितेंतील १२५ वें कलम म्हणून हा नियम सर्वांस ठाऊक झाला. १ जुलै २०२४ पासून तोच नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमांत आहे. तो सर्व धर्मांच्या लोकांस सारखाच लागू आहे, आणि मूल औरस असो वा अनौरस, त्याचा हक्क सारखाच आहे. पंचांपुढें कागद करून 'पुढें कांहीं मागणार नाहीं' असें आईनें लिहून दिलें, तरी त्यानें मुलाचा हा हक्क बुडत नाहीं.

चाकरी गेलेल्या माणसास यांत काय आहे? दोन गोष्टी त्याच्या सोयीच्या आहेत. हुकूम मोडल्याबद्दलची कारवाई पुरेशा कारणावांचून पैसे न देणाऱ्यावर होते; म्हणजे कारण सांगण्याची जागा कायद्यानेंच ठेविली आहे. आणि परिस्थिति पालटल्यास पोटगीची रक्कम कमी-अधिक करण्याचा अर्ज त्याच कोर्टांत करतां येतो. नव्या संहितेंत याचें कलम १४६ वें आहे. मात्र अर्ज त्यानें स्वतः करावयाचा असतो, आणि पूर्वींची साचलेली बाकी आपोआप मिटत नाहीं. म्हणून सहा महिने लपून राहून मग वॉरंट आल्यावर कारण सांगणारा मनुष्य आपली चांगली बाजूही बिघडवून घेतो.

दोन गोष्टी त्याने ऐकून ठेवाव्या अशा आहेत. पैसे न दिल्यास एकेका महिन्याच्या बाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊं शकते. पण कैद भोगल्यानें देणें फिटत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ऐंशीच्या दशकाच्या शेवटीं दिला. कैद हा पैसे देण्यास भाग पाडण्याचा उपाय आहे, पैशाचा मोबदला नव्हे. तसेंच २८ सप्टेंबर २०२२ च्या एका निकालांत, धंदा बंद पडल्यामुळें मला मिळकत नाहीं असें सांगणाऱ्या पतीचें म्हणणें त्या न्यायालयानें मान्य केलें नाहीं. धडधाकट मनुष्यानें वाजवी मार्गानें, प्रसंगीं अंगमेहनत करूनही, बायकोमुलांस पोसलें पाहिजे असें सांगितलें. परंतु त्याच न्यायालयानें ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालांत हेंही सांगितलें आहे कीं, पोटगी इतकी जड असूं नये कीं देणारा चिरडून जावा, आणि इतकी हलकी असूं नये कीं घेणारी भिकेस लागावी. दोघांनींही आपली मिळकत व देणीं शपथेवर लिहून द्यावीं असा नियम त्याच निकालानें घातला. शपथेवर लिहून देणें म्हणजे तरी काय? जें सत्य त्यानें पहिल्या दिवशीं फोनवर सांगावयास हवें होतें, तेंच शेवटीं कोर्ट त्याच्याकडून लिहून घेतें.

ज्याच्याजवळ खरोखर नाहीं त्यास कैदेंत घालून मुलास काय मिळतें, असें कोणी विचारील. तो प्रश्न वाजवी आहे. अमेरिकेंत साउथ कॅरोलायना राज्यांत एका गरीब बापास मुलाची पोटगी थकविल्याबद्दल बारा महिने कैद झाली होती. २०११ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली, कारण त्याची देण्याची ऐपत आहे कीं नाहीं हें नीट तपासलेंच नव्हतें. 'देत नाहीं' आणि 'देऊं शकत नाहीं' यांतील भेद शोधून काढणें हें न्यायाचें पहिलें काम आहे. तो भेद गांवांत आधीं करावा लागतो, आणि तेथें उपदेशकानें व वडिलांनीं फार सांभाळून बोलावें. कामाच्या शोधांत हिंडणाऱ्यास बेजबाबदार म्हणणें हा अन्याय आहे; आणि हातीं पैसे असून बेकारीचें सोंग घेणाऱ्याची कींव करणें हा त्याच्या मुलावर अन्याय आहे.

तिसरी गोष्ट भेटीची राहिली. मुलीस भेटूं देत नाहींत म्हणून पैसे देत नाहीं, असें तो म्हणतो. आणि पैसे देत नाहीं म्हणून भेटूं देत नाहीं, असें तिकडचीं माणसें म्हणतात. दोन्ही बाजू आपापल्या परी खऱ्या बोलतात, आणि मध्यें मुलगी गहाण पडते. भाकर मिळणें हा मुलीचा एक हक्क आहे. बाप दिसणें हा तिचा दुसरा हक्क आहे. एका हक्कासाठीं दुसरा अडवून धरण्याचा अधिकार आईसही नाहीं आणि बापासही नाहीं. जेथें भेटीनें मुलीस धोका असेल तेथली गोष्ट निराळी. तें कोर्टानें ठरवावें. परंतु केवळ हप्ता चुकला म्हणून मुलीस घरांत कोंडूं नये. बाप पांचशें रुपये घेऊन आला तर 'तीन हजार आण, नाहींतर चालता हो' असें म्हणूं नये. पांचशें घ्यावे, पावती द्यावी, बाकी बाकी म्हणून लिहून ठेवावी. घेतल्यानें तिचा पुढील हक्क जात नाहीं.

आणि समजा, बापास दुखापत झाली आहे, तो अंथरुणास खिळला आहे, खरोखरच एक रुपया नाहीं. तेव्हां? अशा वेळीं पैशाची मागणी थांबते, परंतु बापपण थांबत नाहीं. उठून बसतां येऊं लागलें म्हणजे तो मुलीचा अभ्यास घेऊं शकतो. चालतां येऊं लागलें म्हणजे पावसापूर्वीं तिच्या घराचें छप्पर शाकारून देऊं शकतो, तिला दवाखान्यांत नेऊं शकतो. कोर्ट हें हप्त्यांत धरणार नाहीं, हें खरें. मुलगी मात्र धरील.

सर्व भार एकट्या बापावर टाकून समाजानें मोकळें व्हावें, असेंही आमचें म्हणणें नाहीं. धडधाकट मनुष्यानें काम केलेंच पाहिजे असें ज्यांनीं म्हणावयाचें त्यांनीं काम मिळण्याची सोयही पाहिली पाहिजे. खेड्यांतील प्रौढ माणसास काम मागण्याचा हक्क आहे, हें महाराष्ट्रानें १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें मान्य केलें. जर्मनींत १९८० पासून अशी सोय आहे कीं, बाप किंवा आई पोटगी देत नसेल तर सरकार मुलास ठराविक रक्कम आगाऊ देतें आणि मागाहून ती देणेकऱ्याकडून वसूल करितें. आपल्याकडे तशी सोय नाहीं. तथापि एकल पालकांच्या व निराधार मुलांसाठीं महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे, आणि २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यांत आली. आईनें तालुक्यास जाऊन तिची चौकशी करावी. स्त्रियांस, मुलांस व आदिवासींस कोर्टाच्या कामीं फुकट वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यांत आहे, आणि इतर गरिबांसही मिळकत पाहून ती लागू होते; म्हणजे चाकरी गेलेल्या बापासही अर्जासाठीं मदत मागतां येते. आपल्या मंडळींतील कोणीं त्या मुलीस शेरभर तांदूळ दिला तर तें चांगलेंच. मात्र तो बापाच्या देण्यांतून वजा करूं नये. शेजाऱ्याचा दयाधर्म ही बापाची सूट नव्हे.

शेवटीं जे चाकरी गमावून बसले आहेत त्यांच्यासाठीं आम्ही साधा सल्ला देतों. चाकरी गेल्याचें त्याच आठवड्यांत मुलाच्या आईस कळवावें. स्वतः बोलवत नसेल तर उपदेशकास किंवा एखाद्या वडिलांस बरोबर घ्यावें. महिना उलटण्यापूर्वीं कोर्टांत अर्ज करावा. निकाल लागेपर्यंत जें जमेल तें, दोनशें असो वा पांचशें, ठरलेल्या तारखेस द्यावें व पावती घ्यावी. परंतु जवळ दोन हजार असतां पांचशें देऊन आपल्या विवेकास फसवूं नये. एक वर्ष सलग काम झालेल्या कामगारास कपातीच्या वेळीं दर पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन देण्याचा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत होता व नव्या संहितेंतही तो ठेविला आहे. तो मागण्यास लाजूं नये. ही रक्कम किंवा भविष्य निर्वाह निधीचे पैसे हातीं आले म्हणजे मुलाचा भाग पहिल्यानें काढून ठेवावा, जसें आपण बियाणें काढून ठेवितों. आणि पुन्हां काम लागलें म्हणजे कोणीं आठवण देण्याची वाट न पाहतां बाकी फेडूं लागावें.

उपदेशकांस एवढेंच सांगणें आहे कीं, असें भांडण तुमच्या ओटीवर आलें म्हणजे दोन्ही बाजूंचा राग ऐकून घ्या, परंतु हिशेब मुलाच्या बाजूनें मांडा. त्या भांडणांत कोणताही अपराध नसलेलें असें एकच माणूस असतें, आणि तें बहुधा बोलावयास आलेलें नसतें.

आपण मनांत आणिलेल्या त्या घरीं मुलगी अद्याप खर्डीकडे आहे. बापाची चाकरी कोणत्या तारखेस गेली हें तिला ठाऊक नाहीं. संध्याकाळीं तिला भूक लागते एवढें तिला ठाऊक आहे, आणि आपला बाप फोन घेत नाहीं हें तिनें मोठ्या माणसांच्या बोलण्यांत ऐकलें आहे. पहिल्या गोष्टीवर त्या बापाचा आज पुरा इलाज नसेल. दुसरीवर आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं. त्यानें आज रात्रीं फोन चालू करावा, आणि जें आहे तें सांगावें.